दहा महिने रिफर्बिश्ड लॅपटॉपसोबत, आणि जुन्याची पाठवणी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या नऊ वर्षांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. कोल्हापुरातल्या उद्यमनगरातील काही छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीचे विवरण भरणे हे माझे काम असल्यामुळे थांबण्याची सोय नव्हती. तरीही कोरा करकरीत घ्यायचा नाही, हे मी पक्के केले होते. राजारामपुरीतील एका दुकानातून, कुठल्याशा कार्यालयात वापरून निघालेला आणि तपासून पुन्हा विक्रीस ठेवलेला लॅपटॉप सहा महिन्यांच्या हमीसह 19,000 रुपयांना घेतला. त्यात 8 जीबी रॅम आणि 256 जीबीची एसएसडी आहे. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा आहे, आणि ही अट मी मुद्दाम घातली होती. विंडोज 10 चे नियमित पाठबळ, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार हे जाहीर झालेले होते, आणि त्याहून जुन्या पिढीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. धडधाकट यंत्र केवळ सॉफ्टवेअरपायी भंगारात जावे, ही गोष्ट मला आजही खुपते.

हा हट्ट का, तेही सांगतो. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश हिस्सा तो आपल्या हाती येण्यापूर्वीच झालेला असतो: खाणीतून धातू काढताना, चिप घडवताना, सुटे भाग देशोदेशी फिरवताना. आपण घरी जाळतो ती वीज त्यामानाने थोडी. त्यामुळे कमी वीज खातो म्हणून नवा घेण्याचा हिशेब सहसा जुळत नाही. चालू यंत्र आणखी तीन-चार वर्षे वापरले, तर तो जुळतो.

कामाच्या बाबतीत तक्रार नाही. मोठ्या एक्सेल फाइली, टॅली आणि ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या एकाच वेळी नीट चालतात. पडदा मात्र फिका आहे, आणि उन्हाळ्यात पंख्याचा आवाज जाणवतो.

खरी परीक्षा चौथ्या महिन्यात झाली. टचपॅडचे बटण दाबले जाईना, आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला की एका कोपऱ्यावर डुगडुगू लागला. दुरुस्ती करणाऱ्याने खालचे झाकण उघडले, तेव्हा बॅटरीचा मधला कप्पा पुरीसारखा टम्म फुगलेला दिसला. त्याने धातूचे हत्यार बाजूला ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने ती हळूच सोडवली आणि कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवली, कारण फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोचा बसला तर ती पेट घेऊ शकते. दुकानाने हमीतून नवी बॅटरी दिली खरी, पण विकण्यापूर्वी जुनी तपासायला हवी होती, हे मी त्यांना स्पष्ट सुनावले. लिथियम बॅटरीची क्षमता साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर 80 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून आता सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवली आहे, आणि सहा महिन्यांत क्षमतेत जाणवण्याजोगी घट नाही.

आता जुन्याविषयी. भंगारवाल्याने त्याचे वजनावर 300 रुपये सांगितले. आपल्याकडे गुजरीतील सराफी दुकानांची धूळसुद्धा झारेकरी गोळा करून तिच्यातून सोने वेचतात, आणि उद्यमनगरात लोखंडी भंगार वितळून पुन्हा ओतकाम होते. त्यामुळे भंगार म्हणजे कचरा नव्हे, हे कोल्हापूरकराला वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु सर्किट बोर्डात तांबे, सोने, शिसे असे अनेक धातू प्लास्टिकला चिकटून एकत्र असतात. ते उघड्यावर जाळून किंवा ॲसिडमध्ये बुडवून काढले, तर विषारी धूर तिथे काम करणाऱ्यांच्या छातीत जातो आणि उरलेले पाणी गटारातून नदीला मिळते. जगात 2022 साली 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातील केवळ 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे.

आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून मी त्या कंपनीलाच फोन केला. चार फोन आणि जवळपास तीन आठवडे गेले. शेवटी नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राचा माणूस येऊन लॅपटॉप घेऊन गेला आणि पावती देऊन गेला. पैसे मिळाले नाहीत, त्याचे मला दुःख नाही. पण ज्याला 300 रुपयांची गरज आहे, त्याने हे तीन आठवडे का सोसावेत, याचा विचार कंपन्यांनी करायला हवा.

देण्यापूर्वी जुनी हार्ड डिस्क मात्र काढून घेतली. ग्राहकांचे पॅन आणि बँकेचे तपशील तिच्यावर होते, आणि नुसते डिलीट केल्याने ते पुसले जात नाहीत. बाहेरून यूएसबीने जोडता येईल अशा साडेतीनशे रुपयांच्या केसमध्ये बसवून, पूर्ण पुसून, आता तिच्यावर दर शनिवारी बॅकअप घेतो. जुनी रॅम वेगळ्या प्रकारची असल्यामुळे नव्यात बसली नाही. ती बॅटरी बदलणाऱ्या त्याच मुलाने दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपसाठी ठेवून घेतली. माझ्या यंत्राची उजवी बिजागिरी थोडी सैल झाली आहे, तेवढी पुढच्या आठवड्यात त्याच्याकडूनच आवळून घेणार आहे.