फील्ड मॉडेल, क्लेचं मैदान आणि तो सेफ्टीचा खटका

इथे इंग्लंडमध्ये पहिली शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, घ्यायला दुकानात जाल तेव्हा नळ्यांची लांबी, चोक (नळीच्या टोकाला बसवायची, छऱ्यांचा फैलाव ठरवणारी नळकांडी), दस्त्याच्या लाकडाची नक्षी हे सगळं नंतर. आधी बंदूक उघडा, रिकामी आहे याची खात्री करा, सेफ्टी (चाप अडवणारा खटका) पुढे सारा आणि बंदूक एकदा बंद करून पुन्हा उघडा. खटका आपसूक मागे आलेला दिसला तर ती ऑटो सेफ्टी, दर वेळी आपोआप लागणारी. मग दुकानदाराला तिथल्या तिथे विचारा की ही मॅन्युअल, म्हणजे हातानं लावायची, करून देणार का, फुकट देणार का, आणि तसं बिलावर लिहून देणार का. माझ्या दुकानदारानं खरेदीच्या वेळी "हो, किरकोळ काम आहे" असं तोंडी सांगितलं आणि वर्ष व्हायच्या आत त्याच किरकोळ कामाचं 85 पौंडांचं एस्टिमेट हातात ठेवलं. वर बंदूक सहा आठवडे ठेवून घेणार. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानाचं आणि बंदुकीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. इतकं पुरे: तुर्की बनावटीची ट्वेल्व्ह बोअर, ओव्हर-अंडर (नळ्या एकावर एक), 28 इंची नळ्या, पाच चोक, फील्ड मॉडेल, म्हणजे शेतावर-शिकारीला वापरायचं.

फील्डच का? कारण त्याच कंपनीची स्पोर्टर, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या (त्यांनाच क्ले म्हणतात) फोडण्यासाठीची बंदूक, अडीचशे पौंडांनी महाग होती. आणि तोवर खिसा बराच रिकामा झाला होता. शॉटगन सर्टिफिकेटची, म्हणजे परवान्याची, फी 2025 च्या फेब्रुवारीत 79.50 वरून थेट 194 पौंडांवर नेली, आणि माझा अर्ज नेमका त्यानंतरचा. त्यात डॉक्टरच्या दाखल्याचे पैसे वेगळे, बीएस 7558 चा (बंदुकीच्या कपाटांसाठीच्या ब्रिटिश मानकाचा) शिक्का असलेलं लोखंडी कपाट वेगळं, ते भिंतीत बोल्टनं ठोकून देणाऱ्याची मजुरी वेगळी. बंदूक हातात यायच्या आधीच बंदुकीएवढा खर्च. मग हिशेब असा केला की शनिवारी क्ले, हिवाळ्यात शेतावर कबुतरं, एकाच बंदुकीत दोन्ही भागेल. दुकानदारही म्हणाला, भागेल. भागतं, पण त्या खटक्यासकट.

आता तो खटका मैदानावर काय करतो ते बघा. क्लेच्या मैदानात सेफ्टीला कामच नसतं. मारणाऱ्यासाठीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्याशिवाय बंदूक भरायची नाही, बाहेर पडायच्या आधी उघडून रिकामी करायची, मधल्या वेळात ती उघडीच हातावर. म्हणून स्पोर्टर मॉडेलवर सेफ्टी मॅन्युअल असते: एकदा पुढे सारली की दिवसभर तिथेच. फील्ड मॉडेलमध्ये मात्र दर दोन बारांनंतर बंदूक उघडली की खटका मागे. तुम्ही काडतुसं भरता, बंद करता, पाय रोवता, "पुल" म्हणता, म्हणजे क्ले सोडा. क्ले डाव्या झुडपांमागून वर येते, नळ्या तिच्या मागून पुढे जातात, सगळं अगदी छान जुळून आलेलं, आणि चाप दगड. बोट इतक्या जोरानं ओढतं की नळ्यांचं तोंड खाली झुकतं. क्ले आरामात जाऊन खाजकुयलीसारख्या त्या इंग्लिश नेटल्समध्ये अखंड पडते. मागच्या बाकावरून कोणीतरी शांतपणे म्हणतं, "सेफ्टी." दोन क्लेंची जोडी असेल तर दोन्ही गेल्या.

आणि गेल्या म्हणजे गेल्याच. काडतूस फुटलं नाही तर क्ले पुन्हा मिळते. सेफ्टी काढायला विसरलात तर नियमानं शून्य. एका क्लेनं काय होतं असं वाटत असेल तर 2024 चं पॅरिस आठवा: महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं मिश्र स्कीटमधलं कांस्य 44-43 असं चीननं नेलं. मी काही त्या पंक्तीतला नाही, आमच्या मैदानावर पंचवीसपैकी सतरा-अठरा म्हणजे माझा सण. पण म्हणूनच फुकट जाणारी एकेक क्ले टोचते. सरावाच्या शंभर क्लेंना चाळीस पौंडांच्या आसपास जातात, काडतुसं वेगळी. न उडालेल्या बाराचे पैसे मी का भरू?

"सवय होते," असं सगळे सांगतात. होते. पण माझ्या बंदुकीत नळी निवडायचा खटका आणि सेफ्टी एकच. तो आडवा सरकवला की खालची नळी आधी की वरची ते ठरतं. घाईत अंगठा थोडा तिरका पडला की खटका मधेच अडकतो, ना पुढे ना मागे. थंडीत हातमोजा असेल तर हमखास. म्हणजे सवय झाली तरी दुखणं उरतंच.

खटक्यावर फार वेळ गेला याची मला कल्पना आहे. पण नव्या माणसाला याच्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे दस्ता. तयार बंदुकांचे दस्ते साडेचौदा-पावणेपंधरा इंचांचे येतात, सहा फुटी गोऱ्याच्या मापाचे. माझी उंची पाच फूट पाच इंच. पहिले काही आठवडे दस्त्याचं टोक काखेत अडकायचं, म्हणून मी बंदूक खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर लावत होतो, आणि रविवारी आंघोळीच्या वेळी दंड जांभळा. तपासायची रीत सोपी आहे. घरी, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी नळीवरच्या पट्टीच्या मधोमध दिसला पाहिजे. मला पट्टीऐवजी नुसता मागचा लोखंडी भाग दिसत होता, म्हणजे डोळा खाली राहत होता. त्यामुळे बार क्लेच्या खालून जायचे. पाऊण इंच लाकूड कापलं, गालाखालची कड चिकटपट्टीच्या रबरी पॅडनं जराशी उंच केली, आणि पुढच्याच शनिवारी समोरून येणाऱ्या क्ले फुटायला लागल्या. दुकानात बंदूक "हलकी वाटते का, छान वाटते का" असं विचारतात. माप कोणी घेत नाही. कपडे घेतानाही आपण ट्रायल रूममध्ये जातो. आणि हो, उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा प्रबळ डोळा डावा निघाला तर सगळंच गणित बदलतं, तेवढं एखाद्या प्रशिक्षकाकडून पैसे टाकून आधीच बघून घ्या.

वजनाबद्दल माझं मत मधेच फिरलं. दुकानात तीन किलोच्या जरा वरची ती बंदूक हातात पिसासारखी आली आणि मी खूश. स्पोर्टर त्याहून निदान अर्धा किलो जड. पण हलक्या बंदुकीचा धक्का जास्त, आणि शेतावर दिवसभरात पंधरावीस बार होतात तर मैदानावर तासाभरात शंभर. सत्तरच्या पुढे मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागायचो. 28 ग्रॅम छऱ्यांची काडतुसं सोडून 24 वर आलो तेव्हा त्रास गेला. 28 ही इथल्या क्ले स्पर्धांची कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे, हे मला वाटतं दुकानदार मुद्दाम सांगत नाहीत. ऑलिंपिकचे ट्रॅप-स्कीटवाले 24 ग्रॅमवरच क्ले फोडतात. आमच्या मैदानावर फायबर वॉडचीच (छऱ्यांमागची डाट प्लॅस्टिकऐवजी तंतूंची) काडतुसं चालतात, प्लॅस्टिक आजूबाजूच्या मेंढ्यांच्या पोटात जातं म्हणून. ती थोडी महाग पडतात, पण त्याला इलाज नाही.

चोकबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात. मी पाव आणि अर्धा बसवले आणि किल्ली कपाटात ठेवून दिली.

मात्र बंदुकीत स्टीलचे छर्रे चालतील का ते बघून घ्या. शिशाच्या छर्‍यांवर बंदी येणार हे सरकारनं 2025 च्या जुलैमध्ये जाहीर केलं, मुदत तीन वर्षांची. आज घेतलेली बंदूक त्यानंतरही वापरायची आहे. नळीवर प्रूफ हाऊसचा (बंदुका तपासून छाप मारणाऱ्या संस्थेचा) फ्लर-द-ली, म्हणजे तीन पाकळ्यांच्या लिलीचा छाप असेल तर ती हाय परफॉर्मन्स, म्हणजे जास्त दाबाच्या, स्टील काडतुसांसाठी तपासलेली. माझ्या बंदुकीवर तो आहे, एवढं श्रेय तिला देतो. आजोबांच्या काळातली सुंदर इंग्लिश साइड-बाय-साइड (शेजारीशेजारी नळ्यांची) तीनशे पौंडांत मिळतेय म्हणून मोहात पडणाऱ्यांनी आधी चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची, लांबी विचारावी. अडीच इंची चेंबरमध्ये आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस घालणं म्हणजे हातच्या बोटांशी खेळ.

आता हिवाळ्याची गोष्ट, कारण तिथे माझा खटक्यावरचा राग बराच उतरला. ओळखीच्या शेतकऱ्याच्या रेपसीडच्या शेतावर रानकबुतरांचे थवे उतरतात आणि कोवळा पाला देठापर्यंत खातात. इंग्लंडमध्ये ही कबुतरं मजा म्हणून मारता येत नाहीत. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठीच्या जनरल लायसन्सखाली (सरसकट सरकारी परवाना, जीएल 42) आणि जमीनमालकाच्या परवानगीनं मारायची. कोकणात आमच्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असायची, डुकरांसाठी. त्यामुळे हा मामला मला परका वाटला नाही.

कुंपणाला जाळी बांधून आडोसा केलेला, आत एक बादली उलटी घालून बसायला, पायाशी काडतुसांची पिशवी, आणि समोर प्लॅस्टिकची कबुतरं मांडलेली. तिथे बंदूक भरलेल्या अवस्थेत मांडीवर तासन्‌तास असते. जाळीचे धागे, हॉथॉर्नचे काटे, जाकिटाच्या बाहीची दोरी, सगळं चापाच्या आसपास. दोन बार टाकून घाईघाईनं भरलं की सेफ्टी आपोआप लागलेली आहे हे कळणं तिथे फार मोलाचं. ही सोय मुळात आलीच अशा कामासाठी: जुन्या इंग्लिश शिकारीत मागे उभा असलेला लोडर भरलेली बंदूक मालकाच्या हातात देणार, ती सेफ्टी लावूनच दिली जावी म्हणून. अर्थात सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. बंदूक आपटली तर तिच्या भरवशावर राहू नये. उघडी आणि रिकामी असलेली तेवढीच सुरक्षित. कुंपण ओलांडताना मी ती रिकामीच करतो.

(त्या कबुतरांच्या छातीचं सुकं मालवणी मसाल्यात झकास होतं. दाताखाली छर्रा येतो, तेवढं सावकाश चावावं.)

तर हिवाळाभर मी ऑटो सेफ्टीच्या बाजूनं बोलत होतो. मग मार्चमध्ये क्लबची स्पर्धा झाली, तिथे पहिल्याच स्टँडवर एक जोडी अशीच गेली, आणि सोमवारी मी दुकानात.

पुढचं सगळं ठरल्यासारखं. दुकानदार म्हणाला, आमचा गनस्मिथ, बंदुका दुरुस्त करणारा, बाहेरचा आहे, दर त्याचे. मी म्हटलं, विकताना तुम्ही हो म्हणाला होतात. तो म्हणाला, हो म्हणालो, फुकट म्हणालो नाही. बरं, दुसऱ्याकडून करून घेतो म्हटलं तर वॉरंटी जाईल. आयातदाराला मेल केला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं की याबाबत विक्रेत्याशी संपर्क साधावा. विक्रेत्याला तो मेल दाखवला तर तो म्हणाला, मग लेखी आणा. लेखीच तर होतं ते! दस्ता कापल्याबद्दल याच माणसानं वॉरंटीचा शब्द काढला नव्हता, कारण ते काम त्यानंच पैसे घेऊन केलं होतं.

शेवटी मैदानावरच्या एका म्हाताऱ्यानं गावाबाहेरच्या गनस्मिथचा पत्ता दिला. रजिस्टर्ड डीलर, शेडमध्ये लेथ, टेबलावर तेलाचा वास. त्यानं मागचं रबरी पॅड काढलं, लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून दस्ता मोकळा केला आणि चिमट्यानं एक पातळ सळई बाहेर काढली. बंदूक उघडायची वरची दांडी फिरवली की सेफ्टी मागे ढकलणारी तीच. काम माझ्या डोळ्यांदेखत चहा गार व्हायच्या आत संपलं. वीस पौंड. खटका आडवा अडकायचाही त्यानं जरा घासून, ग्रीस लावून कमी केला, त्याचे काही घेतले नाहीत.

वॉरंटी गेली की राहिली, हे दुकानदार अजून लेखी देत नाही. जाऊ दे, एजेक्टर, चाप, नळ्या, कशाचीच दुसरी तक्रार आलेली नाही, आणि या किमतीत तेवढं पुष्कळ आहे. आता शेतावर जाताना खटका हातानं मागे घेतो. तिथे घाई तशीही मैदानापेक्षा कमी असते.

नव्यानं घेणाऱ्यांनी विचारलं तर माझं उत्तर असं: चारातले तीन शनिवार क्लेवर जाणार असाल तर फील्ड मॉडेलच्या नादी लागू नका. नव्या तुर्कीच्या किमतीत थोडी भर घालून वापरलेली जपानी मिरोकू स्पोर्टर बघा, 30 इंची, जड, मॅन्युअल सेफ्टीची. विकताना तिचे पैसेही बरे येतात, माझ्या बंदुकीचे येणार नाहीत. शेत जास्त आणि क्ले कमी असेल तर फील्डच घ्या आणि खटक्याला हात लावू नका.

ती सळई आणि दस्त्याचा कापलेला तुकडा मी पाकिटात घालून बिलासोबत ठेवलाय. पुढचा गिऱ्हाईक सहा फुटी शेतकरी निघाला तर दोन्ही लागतील, आणि त्याचे वीसेक पौंड जास्त मागता येतील.