'बिटलेस' शिकवून देतो म्हणाला आणि घोडीच्या नाकावर साखळी चालवली

रेवाचं तोंड आम्ही नीट पाहिलं ते घरी आणल्यावर. 2023 च्या डिसेंबरात, दत्तजयंतीच्या सुमारास, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाऊन ती घेतली. काठेवाडी, कुमैत म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची, कानांची टोकं एकमेकांकडे वळलेली. चाल पाहिली, पाय पाहिले, भोवरे पाहिले. तोंडात काय आहे ते पाहायचं मात्र सुचलं नाही. निफाडला आणून लगाम उतरवला तेव्हा कळलं की आधीच्या मालकाने तिला काटेरी कडियाळी, म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी तुकडा, घातली होती. ओठांचे कोपरे फाटून भरलेले. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे जी मोकळी हिरडी असते, जिथे कडियाळी टेकते, तिथे दोन्ही बाजूंना ओल्या जखमा. असलं काट्यांचं लोखंड जनावराला घालायला 1965 पासून नियमाने बंदी आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, निदान सहा महिने तोंडात काही घालू नका. माझी मुलगी त्यांच्याही पुढे गेली. म्हणाली, "पप्पा, हिच्या तोंडात आता कधीच लोखंड नको. बिटलेस शिकवू या." मला तो शब्द नवीन होता. तिनेच समजावलं की यात कडियाळी नसते, दोरीचा दाब नाकाच्या हाडावर, गालावर किंवा डोक्यामागे येतो, आणि परदेशात उडी मारण्याच्या स्पर्धांतसुद्धा असे लगाम चालतात. मला ते पटलं. आजही पटतं. आम्ही फसलो ते बिटलेसमुळे नाही, बिटलेसच्या नावाखाली.

शिकवणारा मुलीला मोबाईलवर व्हिडिओत सापडला. त्याचं आणि त्याच्या तबेल्याचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. माणूस बोलायला अतिशय गोड. "भाऊ, मी जनावराला कधी मारत नाही. तीन महिने द्या, ताई एका बोटावर घोडी चालवतील." फी 75 हजार, सगळी आगाऊ. वर 'जर्मन' बिटलेस लगामाचे 16 हजार, कारण "साधा लगाम चालत नाही, सवय बिघडते." मी दोन्ही रकमा दिल्या, पावती मागितली नाही. हा लगाम कानपूरचा निघाला. कानपूरचं खोगीर-लगामाचं काम उत्तम असतं, त्याबद्दल तक्रारच नाही. पण कानपूरच्या मालावर जर्मनीची किंमत लावली होती.

फेब्रुवारीत रेवाला सोडून आलो. दर आठवड्याला व्हिडिओ यायचा. घोडी वळतेय, थांबतेय, मागे सरतेय. नाकावर मेंढीच्या पांढऱ्या लोकरीची जाड गादी. ती गादी बघून मला इतकं बरं वाटायचं की मी ते व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायचो. आता मागे वळून पाहतो तेव्हा त्या व्हिडिओंत काय नव्हतं ते दिसतं. एकही अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा नव्हता. लगाम चढवताना किंवा उतरवताना एकदाही दाखवलं नव्हतं. जवळून डोकं दाखवलं नव्हतं. दोनदा भेटायला येतो म्हटलं तर "आत्ता आलात तर घोडीचं लक्ष उडेल" असं उत्तर. हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर त्याच दिवशी गाडी काढा.

मे महिन्यात घ्यायला गेलो. त्याने स्वतः बसून दाखवलं आणि घोडी खरंच लोण्यासारखी चालली. दोरी जरा उचलली की थांबायची. मान मात्र उंच ताणलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. मुलीने विचारलं, ही घाबरलीय का? तो म्हणाला, "नाही ताई, तेज आहे." लगाम त्यानेच उतरवला, आत नेऊन ठेवला, आणि आमच्या पिशवीत 'आमचा' नवा लगाम घातला, तसलीच लोकर लावलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी द्राक्षबागेच्या कडेच्या रस्त्यावर मुलगी बसली. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग मागून ट्रॅक्टर आला, रेवा उसळली, मुलीने दोरी ओढली, आणि घोडीला काहीच कळलं नाही. थांबायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. शंभर-दीडशे पावलं चौखूर गेल्यावर मुलगी पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून आज मी हे लिहू शकतोय.

राग मला आधी घोडीचाच आला, हे कबूल करतो. संध्याकाळी डॉक्टर तिला तपासायला आले. त्यांनी नाकावरून उलट्या दिशेने केसांतून अंगठा फिरवला आणि मला बोलावलं. केसांच्या खाली, नाकाच्या हाडावर आडव्या दोन ओळी होत्या, एकमेकींना समांतर, खपल्यांच्या बारीक ठिपक्यांनी बनलेल्या. सगळे ठिपके सारख्या अंतरावर. डावीकडे हाडावर हरभऱ्याएवढी गाठ. अंगठा तिथे पोचला तशी रेवाने डोकं इतक्या जोरात वर टाकलं की डॉक्टरांचा चष्मा उडाला. ते म्हणाले, "हे चामड्याने होत नाही."

दुसऱ्या दिवशी न कळवता त्या तबेल्यात गेलो. तो नव्हता. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार पोरगा एका पांढऱ्या घोड्याला खरारा करत होता, शेजारी खुंटीला लोकरीचा लगाम टांगलेला. मी हातात घेतला. जड लागला. लोकर दाबून पाहिली, आत सायकलची साखळी शिवलेली होती. पोराने मान खाली घातली. मी त्याला काही बोललो नाही, तो बिचारा महिन्याच्या पगारावर. फोटो काढले, हाताने दाबतानाचा व्हिडिओ घेतला. त्या शिकवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "भाऊ, हॅकमोर असाच असतो. काठेवाडी घोडं लोकरीने ऐकतं का?"

हॅकमोर म्हणजे नाकावर दाब देणारा बिटलेस लगाम, पण तो असा नसतो. दांड्यांचा हॅकमोर म्हणून एक प्रकार आहे. त्यात नाकपट्टीला दोन्ही बाजूंनी लोखंडी दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी, त्यामुळे हाताचा जोर कितीतरी पट वाढून लागतो. तोही नवख्याच्या हातात देऊ नये. पण नाकाच्या हाडावर लपवलेली साखळी हा कुठल्याच शिक्षणाचा भाग नाही. नाकाचं हाड खाली जाताना निमुळतं आणि पातळ होत जातं, पुढे नुसती कूर्चा. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने घेतो. पट्टी खाली सरकली आणि आवळली की तो गुदमरतो. म्हणून पट्टी हाडाच्या भागावर, नाकपुड्यांच्या चांगली चार बोटं वर हवी, आणि तिच्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एवढं मला फेब्रुवारीत माहीत असतं तर!

आणि खरं शिकवणं कसं असतं तेही आता रोज बघतोय. आमच्याकडे येणारे एक निवृत्त घोडदळातले काका आहेत, पैसे घेत नाहीत. पहिला महिनाभर ते बसलेच नाहीत. साध्या म्होरकीवर, म्हणजे डोक्याला बांधायच्या दोरीवर, जमिनीवरूनच काम. दोरीने बाजूला हलका दाब द्यायचा, घोडीने मान तसूभर वळवली की त्याच क्षणी सोडायचा. जनावर शिकतं ते सोडण्यातून. मग चालता चालता थांबायचं, एकच शब्द, तोच सूर. पाठीवर बसायचं तेही कुंपण घातलेल्या छोट्या गोलात, आधी नुसत्या चालीवर, आणि थांबवायला पहिल्यांदा बैठक जड करायची, मग आवाज, दोरी सगळ्यात शेवटी. त्या माणसाने हे काहीच केलं नव्हतं. त्याने रेवाला फक्त दुखण्याची भीती दिली होती. साखळी निघाली तशी भीती निघाली, आणि मागे काहीच उरलं नाही. ज्या घोडीला ब्रेकच नाही तिच्यावर मी माझ्या पोरीला बसवलं.

कुणाला घोडा शिकायला द्यायचा असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, लगाम स्वतःच्या हाताने चढवा आणि उतरवा. नाकपट्टी मुठीत दाबून बघा, लोकरीच्या आत बोटं घाला, वजन घ्या. घोडा ताब्यात घेताना त्या माणसाला तुमच्या घरच्या म्होरकीवर, तुमच्यादेखत, चालवून आणि थांबवून दाखवायला सांगा. नकार दिला तर पुढे बोलू नका. देण्याआधी नाकाचे जवळून फोटो काढा, तारखेसकट. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या, आणि केव्हाही न सांगता येईन असं लेखी ठेवा.

पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहे, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपये! हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावती नसली तरी ऑनलाइन पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि त्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडले आहेत. डॉक्टरांनी जखमांचा लेखी अहवाल दिला, तोच सगळ्यात उपयोगी पडतोय.

मुलीचं मनगट बरं झालं. रेवाच्या नाकावर आता त्या दोन ओळींच्या जागी पांढरे केस उगवले आहेत, ते तसेच राहणार म्हणतात. नाकावरून काही घ्यायला गेलं की ती अजून मान टाकते, म्हणून सध्या गळ्यात दोरी टाकूनच फिरवतो. त्या पांढऱ्या घोड्याचा मालक कोण हे मला अजून कळलेलं नाही. नाशिक-पुणे पट्ट्यात कुणी आपला पांढरा घोडा तीन महिन्यांच्या बोलीवर शिकायला ठेवला असेल, तर उद्या सकाळीच जाऊन त्याच्या नाकावरून हात फिरवून या.