मेटलसाठी दोन हेडफोन आणि एक ॲम्प: यवतमाळकडच्या गावात चौदा महिने वापरल्यावर

माझ्याकडे सध्या तीन वस्तू आहेत. बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो हेडफोन, ८० ओहमवाला (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद. सेनहायझर एचडी ५६०एस हेडफोन, ओपन-बॅक, म्हणजे मागून जाळीदार, बाहेरचा आवाज आत येऊ देणारा. आणि टेबलावर ठेवायचा एक ॲम्प, म्हणजे हेडफोनला जास्त ताकद देणारा डबा. ॲम्पचं नाव घेत नाही, कारण त्याच्या बाबतीत जे झालं त्यात त्याचा दोष नव्हता. पहिला हेडफोन मागच्या वर्षी मार्चमध्ये घेतला, आता दुसरा उन्हाळा चालू आहे. ऐकतो ते जवळपास सगळं मेटल, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचं जड, दाट संगीत. त्यातही जुनं ब्रिटिश हेवी मेटल, वेगवान थ्रॅश आणि डेथ, आणि रात्री संथ डूम. अमरावतीला होस्टेलवर असताना रूममेटच्या पेनड्राइव्हमधून हे माझ्याकडे आलं आणि राहिलं. गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, शेती वडील आणि मी मिळून बघतो. पैसे दोन हंगामांत जमवून या वस्तू घेतल्या, त्यामुळे कोणती घ्यायला हवी होती आणि कोणती नाही, हे स्पष्ट सांगतो.

याआधी माझ्याकडे एक स्वस्त ब्लूटूथ हेडफोन होता, ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेला. मेटलवाल्यांची पहिली चूक हीच होते. जड संगीत आहे म्हणजे बास जास्त हवा, असं वाटतं. प्रत्यक्षात मेटलमध्ये खालच्या पट्टीत आधीच दाटी असते. गिटारची सर्वात जाड तार साध्या ट्यूनिंगला ८२ हर्ट्झवर (सेकंदाला ८२ कंपनं) असते, सात तारांच्या गिटारची जाड तार ६२ च्या आसपास, बास गिटारची ४१ वर, आणि त्यातच किक ड्रम. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये तुटली. तारा दाबताना त्रास कमी व्हावा म्हणून पुढे त्याने त्या सैल करून सूर खाली आणला, आणि तिथपासून मेटलची गिटार खालीच उतरत गेली आहे. अशा संगीतात हेडफोनने १०० ते २०० हर्ट्झचा भाग फुगवला की किक, बास आणि दाबून वाजवलेली गिटार यांचा एकच गाळ होतो. मेटलला बास भरपूर नको, घट्ट हवा. ठोका पडला पाहिजे आणि लगेच थांबला पाहिजे.

हे मला मोजमापाच्या आलेखांपेक्षा बाबांमुळे जास्त नीट कळलं. बाबा तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात चाळीस वर्षं बसतात, ढोलकीही वाजवतात. डीटी ७७० आल्यावर आठवडाभरात एका संध्याकाळी त्यांच्या कानावर लावला. डेथ मेटलचं गाणं होतं, मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत डबल बास ड्रम, मात्रेला चार ठोके, म्हणजे सेकंदाला तेरा ठोके. जुन्या हेडफोनवर त्यांना हेच ऐकवलं होतं तेव्हा “मोटर चालू हाये” एवढंच म्हणाले होते. या वेळी डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली, मध्येच थांबली. म्हणाले, “हे एका पायाचं काम नाई. दोन्ही पायानं वाजवून रायला तो.” गायक काय ओरडतो हे त्यांना आवडलं नाही, पण ठोके त्यांनी वेगळे काढले. मेटलसाठी हेडफोन तपासायचा असेल तर मी हीच कसोटी लावीन: वेगवान डबल बासमध्ये ठोके मोजता येतात की नुसती घरघर ऐकू येते.

आता उन्हाळा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या घरात असतो आणि खोलीत पत्र्याचा मोठा कूलर दिवसरात्र फिरतो. मोबाईलच्या ॲपवर खाटेपाशी ६५ डेसिबलच्या आसपास आकडा येतो. ॲप काही प्रयोगशाळा नव्हे, पण अंदाज येतो. कूलरच्या आवाजात ओपन-बॅक लावणं म्हणजे भर बाजारात कुजबुज ऐकणं. एचडी ५६०एस मार्च अखेरीपासून जून लागेपर्यंत मी घरात वापरत नाही. डीटी ७७० बाहेरचा आवाज अडवतो, कंपनी सुमारे १८ डेसिबल सांगते. कूलरची खालची घुमघुम त्यातूनही येते, पण वरची सळसळ बरीच जाते. याचा खरा फायदा कानांना होतो, कारण गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० ला ऐकत असाल तर आठवड्याचे चारच तास. कापसाच्या जिनिंग मिलच्या गोंगाटात वीस वर्षं काम केलेली, आता दोनदा हाक मारावी लागते अशी माणसं माझ्या दुकानात रोज येतात. म्हणून या बाबतीत मी हट्टी आहे.

पॅड मखमली कापडाचे आहेत, दोन्हींचे. रेक्झिनचे पॅड असलेला जुना हेडफोन एका उन्हाळ्यात सोलला गेला होता, काळी खपली कानाला चिकटायची. मखमलीत घाम येतोच, पण जिरतो. कापसाची तूस आणि धूळ मात्र त्यात बसते. मी दर पंधरा दिवसांनी पॅड काढून झटकतो, महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो. चौदा महिन्यांत ते थोडे चपटले आहेत. पॅड चपटला की कान आतल्या स्पीकरजवळ जातो आणि आवाजाचा तोलही बदलतो, म्हणून नवे घेणार आहे.

डीटी ७७० ची एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: ८ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज उंच चढतो. भजन, लोकगीत, जुनी मराठी गाणी यांत ते खुसखुशीत वाटतं. मेटलमध्ये झांजांचा मारा अखंड असतो, आणि तासाभरात कान थकतात. पहिला महिना मला तो परत करावासा वाटत होता. मग इक्वलायझर लावला, म्हणजे आवाजाची हवी ती पट्टी कमी-जास्त करायची सोय. फोनवर पॉवरॲम्प या ॲपमध्ये पॅरामेट्रिक (नेमका हर्ट्झ निवडता येणारी) सोय आहे, दुकानाच्या कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर टाकलं, फुकट आहे. ८ किलोहर्ट्झला ५ डेसिबल उतार आणि १५० हर्ट्झला २ डेसिबल उतार, एवढंच. नेमका आकडा प्रत्येकाच्या कानाप्रमाणे थोडा सरकेल. ८ ऐवजी ७ किंवा ९ वर टोचत असेल तर तिथे उतरवा. काही वाढवायचं असेल तर आधी त्यातला प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटतो. या दोन बदलांनंतर तोच हेडफोन मी सलग तीन तास लावतो. इक्वलायझरला हात लावायचा नाही असं व्रत असलेल्यांनी मेटलसाठी हा हेडफोन घेऊ नये, असं माझं मत आहे.

एचडी ५६०एस मी घेतला तो हिवाळ्यासाठी, आणि खरं सांगायचं तर जागलीसाठी. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्यावर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) येतात, आम्ही पाळीपाळीने रात्री शेतात असतो. क्लोज्ड-बॅक लावून जागल करता येत नाही, कारण डुकरं आधी दिसत नाहीत, ऐकू येतात. धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) वाळल्या तुरीत चरचर झाली की उठायचं. ओपन-बॅकमधून ती चरचर गाण्याच्या आतून कानावर येते. जानेवारीत एकदा मी मचाणीवर डूम ऐकत होतो. गिटारचा एकच सूर लांबत चालला होता, आणि त्या सुराच्या डाव्या अंगाला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. गाण्यात तो आवाज नव्हता. बॅटरी मारली तर पाच डुकरं, एक मोठं. हाकलून परत येऊन बसलो तरी गाणं संपलं नव्हतं.

आणि तिथला आवाज मला दुसरीकडे कुठेच मिळालेला नाही. रात्री थ्री फेज आली की लांबच्या विहिरीवरची मोटर तेवढी वाजते, बाकी सगळं शांत. त्यामुळे अगदी हळू आवाजातही दोन गिटारी डावी-उजवीकडे वेगवेगळ्या उभ्या राहतात. आयर्न मेडनसारख्या बँडमध्ये दोन गिटारी मिळून एकच चाल वेगवेगळ्या सुरांत वाजवतात, ती जोडी मला या हेडफोनवर पहिल्यांदा दोन माणसांची म्हणून ऐकू आली. वजन २४० ग्रॅम, कानटोपीवरूनही बसतो. वायर तीन मीटरची आणि जाड पिनची येते, शेतात ती पायात अडकते. पण वायर निघते, म्हणून मी आखूड वायर वेगळी घेतली. डीटी ७७० ची वायर निघत नाही. घरात उंदीर असतील तर ती रात्री खुंटीवर टांगा.

आता ॲम्प. इथे माझे पैसे चुकीच्या क्रमाने गेले. मेटलला ताकद लागते म्हणून मी हेडफोनच्या बरोबरीनेच ॲम्प मागवला. नंतर कागदावर हिशेब केला तो असा. डीटी ७७० एका मिलिवॉटला ९६ डेसिबल देतो. फोनच्या यूएसबीला लावून त्यात हेडफोनची पिन घालायचा साधा डॉन्गल साधारण १ व्होल्ट देतो. ८० ओहममध्ये १ व्होल्ट म्हणजे १२.५ मिलिवॉट, म्हणजे १०७ डेसिबल. एवढ्या आवाजात कोणीही फार वेळ ऐकू नये. एचडी ५६०एस तर १ व्होल्टलाच ११० डेसिबलला जातो. शिवाय मेटलचं रेकॉर्डिंग बहुतेक दाबून सपाट केलेलं असतं, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी, त्यामुळे आपण आवाज खालीच ठेवतो. आलापीचं रेकॉर्डिंग अगदी हळू सुरू होतं, तिथे वर उरलेल्या ताकदीचा उपयोग जास्त. म्हणजे या कामात मेटल हे शास्त्रीय गायनापेक्षा हलकं गिऱ्हाईक आहे. डीटी ७७० चा २५० ओहमवाला प्रकार घेतलात तर मात्र १ व्होल्टला ४ मिलिवॉट आणि १०२ डेसिबल एवढंच मिळतं. तिथे, किंवा कमी संवेदनशील (तेवढ्याच विजेत हळू वाजणारा) हेडफोन असेल तिथे, ॲम्पचा विचार करा.

कान मान्य करेनात, म्हणून चाचणी घेतली. ५० हर्ट्झचा सूर वाजवून मल्टिमीटरने डॉन्गल आणि ॲम्प यांचा व्होल्ट सारखा केला. (साधा मल्टिमीटर वरच्या सुरांना भरवशाचा नसतो, ५० हर्ट्झ तो नीट मोजतो.) मग भाच्याने माझ्या पाठीमागे बसून वायर बदलायची आणि मी ओळखायचं. बारापैकी सात वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. आवाज सारखा न करता ऐकलं की ॲम्प दरवेळी ‘दमदार’ वाटायचा, कारण तो थोडा मोठा वाजत होता.

ॲम्पमध्ये भुणभुण होती. गाणं थांबलं की ५० हर्ट्झची बारीक गुणगुण, आणि लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर मनगट टेकलं की मुंग्या. दुकानदाराशी दोन वेळा फोनवर बोललो, ॲम्प बदलूनही मिळाला, गुणगुण तशीच. लॅपटॉपचं चार्जर काढलं की मात्र बंद. शेवटी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावून बघितला आणि म्हणाला, “भाऊ, तुमची अर्थिंगच मेली हाये. माती फाटली, पाईप सुटा पडला.” काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, अर्थिंगच्या पाईपभोवतीची माती सुकून बाजूला होते, आणि तीन पिनच्या सॉकेटमधली तिसरी पिन नावाला उरते. मग चार्जर आणि ॲम्प यांच्यातल्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या किरकोळ करंटला जमिनीकडे वाट राहत नाही, तो यूएसबीच्या वायरमधून फिरतो आणि कानात ऐकू येतो. नवा गड्डा केला, जीआय पाईप, मीठ-कोळशाचे थर, वर पाणी. मुंग्या त्याच दिवशी गेल्या. उरलेली थोडी गुणगुण लॅपटॉप आणि ॲम्प एकाच बोर्डावर घेतल्यावर गेली. आता उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी त्या गड्ड्यात ओततो. गुणगुण बंद करायला काही जण अर्थची पिन मोडून टाकतात. तसं करू नका. आवाज जाईल, पण शॉक लागायची वेळ आली तर वाचवणारं काही उरणार नाही.

गावाच्या दृष्टीने डॉन्गलचा आणखी एक फायदा: लाईन गेली तरी तो चालतो. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा ॲम्प मी बंदच ठेवतो.

सामान नवीन असेल तेव्हा एक घोळ होतो, तो माझाही झाला. मेटालिका या अमेरिकी बँडच्या १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बममध्ये बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही. ते मिक्सिंगच तसं आहे, हेडफोनचा दोष नाही. त्यांचाच २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ मूळ मास्टरमध्येच फाटलेला आहे, कितीही महाग ॲम्प लावा. नॉर्वेच्या सुरुवातीच्या ब्लॅक मेटलचं रेकॉर्डिंग मुद्दाम कच्चं ठेवलेलं आहे. हेडफोन पारखायला नीट रेकॉर्ड झालेलं काहीतरी घ्या. मी दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडचं वापरतो, कारण त्यात गिटारच्या भिंतीसमोर ढोल आहे, आणि ढोलाचं कातडं कसं वाजतं हे मला लहानपणापासून माहीत आहे.

हाताशी एकाच हेडफोनचे पैसे असतील आणि घरात कूलर असेल तर डीटी ७७० प्रो ८० ओहम, साधा डॉन्गल आणि इक्वलायझर घ्या. खोली शांत असेल किंवा रात्री शेतात राहावं लागत असेल तर एचडी ५६०एस, तोही त्याच डॉन्गलवर. माझा ॲम्प आता बाबांच्या भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी टेबलावर आहे: त्याला दोन हेडफोन लागतात, एक त्यांच्या कानावर आणि एक माझ्या. नव्या पॅडची ऑर्डर नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपल्यावर देईन. कुरिअर गावापर्यंत येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागतं, आणि या उन्हात मोटरसायकलवर ते होणार नाही.