नळीची काचेची तेलाची बाटली : ओट्यावर शोभते, ऑलिव्ह ऑइलला सोसत नाही

पाचपैकी दोन तारे. एक दिसण्याला, एक धारेला.

बाटली अर्ध्या लिटरची, पारदर्शक काचेची. रबरी बुचात बसवलेली स्टीलची नळी. धार बारीक पडते, हात सरळ केला की थांबते, बाटलीच्या अंगावर ओघळ येत नाही. सॅलडवर किंवा भाजलेल्या ब्रेडवर थोडंसं तेल सोडायला उत्तम. इथवर तक्रार नाही.

तक्रार आहे ती खोक्यावर 'तेल दीर्घकाळ ताजे राहते' असं छापलंय त्याची. ऑलिव्ह ऑइलला उजेड, उष्णता आणि हवा, तिन्ही बाधतात. एक्स्ट्रा व्हर्जिनचा, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीच्या ऑलिव्ह ऑइलचा, हिरवेपणा क्लोरोफिलचा (पानांतल्या हरितद्रव्याचा), आणि उजेडात तेच क्लोरोफिल तेल लवकर बिघडवतं. म्हणून तर जाणकार उत्पादक गडद काच किंवा पत्र्याचा डबा वापरतात. इथे काच आरपार आणि नळीला साधं टोपणही नाही. उष्णतेचं तर नागपूरकरांना कुणी सांगायलाच नको. या तेलाला १४ ते १८ अंश मानवतात म्हणे. मे महिन्यात आमच्या ओट्यावर पहाटेसुद्धा पारा तेवढा खाली येत नाही.

म्हणून नवा डबा फोडला तेव्हा थोडं तेल या बाटलीत भरून खिडकीशी ठेवलं. उरलेलं लहान गडद बाटल्यांमध्ये गळ्यापर्यंत भरलं, म्हणजे वर हवेला जागा नको, आणि घट्ट झाकणं लावून गॅसपासून लांबच्या खालच्या कपाटात ठेवलं. उन्हाळा सरत आल्यावर दोन्हीतलं चमचाभर तेल दोन छोट्या वाट्यांत घेतलं. वाटी तळव्यावर धरून कोमट केली, वर दुसऱ्या हाताचा पंजा झाकला आणि मग नाक जवळ नेलं. कपाटातल्या तेलाला कच्च्या टोमॅटोच्या पानांसारखा हिरवा वास होता. घोट घेतल्यावर जिभेला कडसर लागलं आणि गिळताना घशाशी झोंबलं. खिडकीतल्या तेलाला खवट वास, चव सपाट, आणि मागे तोंडात मेणचट थर राहिला.

सासूबाईंनी दोन्ही चाखून नेमकं उलट ठरवलं. "हे घशाला लागतंय, हेच बिघडलंय." पुष्कळांना असंच वाटतं. पण घशाची ती झोंब चांगल्या ताज्या तेलाची असते. तेल जुनं होत जातं तशी ती आधी मावळते, मग खवटपणा येतो. रंगावर जाऊ नका. तेल तपासणारे मुद्दाम निळ्या काचेचे पेले घेतात, रंग दिसूच नये म्हणून. आणि फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे अस्सल, ही शेजारपाजारची कसोटीही सोडून द्या. थंडीत ते गढूळ होतं, गोठतंही, बाहेर काढलं की पूर्ववत होतं. त्यावरून शुद्धही कळत नाही आणि शिळंही.

खवट तेलाचा एखादा घोट पोटात गेला म्हणून लगेच कुणी आजारी पडत नाही. पण महागाचं तेल ज्यासाठी घ्यायचं ते त्यात उरलेलं नसतं, आणि एक चमचा अख्खी कोशिंबीर बिघडवतो.

धुण्याचाही वैताग आहे. गळा इतका अरुंद की ब्रश आत जात नाही. तळाशी जुन्या तेलाचा चिकट थर बसतो. मी गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि मूठभर कच्चे तांदूळ घालून खळखळवली, तेव्हा कुठे काच स्वच्छ झाली. नळीतला वास तरीही गेला नाही. बहुतेक घरी बाटली न धुताच वरून नवं तेल ओततात. मग तळाचं खवट तेल नव्यालाही लवकर नासवतं.

घ्यायचीच असेल तर गडद काचेची आणि नळीला पडझाकण असलेली घ्या, आणि आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच तेल भरा. तेल घेतानाही पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून उचलू नका. आपल्याकडे हे तेल फोडणीला जात नाही, तो वर्षभर संपत नाही. लेबलवर ऑलिव्ह कधी तोडले ते असेल तर आधी ते बघा. भूमध्य समुद्राकाठी तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालते. 'बेस्ट बिफोर' बहुधा बाटली भरल्यापासून मोजलेलं असतं, आणि भरण्याआधी तेल टाकीत किती राहिलं ते त्यात कुठे येतं?

आमच्या बाटलीत सध्या भांडी घासायचं लिक्विड भरलंय. त्या कामाला मात्र धार झकास पडते.