फट की भोक? धातूच्या पातळ थरातून प्रकाश नेमका कुठून जातो

काचेवर चांदीचा २०० नॅनोमीटरचा थर द्या. त्यातून प्रकाश काढायचा तर लांब अरुंद फट पाडावी की गोल भोक?

एकट्या भोकाचं काही खरं नाही. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी १९४४ सालीच गणित मांडलं होतं: तरंगलांबीपेक्षा भोक बरंच लहान असेल, तर व्यास निम्मा केल्यावर, भोकावर पडलेल्या प्रकाशापैकी पार जाणाऱ्याचं प्रमाण सोळाव्या हिश्श्यावर येतं. शिवाय थराला जाडी असली की आत लाट पुढे सरकतच नाही, विरून जाते.

फटीचं तसं नाही. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र फटीला आडवं असेल, तर फट कितीही अरुंद असो, लाट आत शिरते, दोन्ही तोंडांशी परावर्तित होऊन ये-जा करते आणि जाडी जुळली की भरपूर प्रकाश बाहेर पडतो. क्षेत्र फटीच्या लांबीला समांतर असेल, तर मात्र अर्ध्या तरंगलांबीहून अरुंद फट जवळपास बंदच. तारांच्या जाळीचे ध्रुवक, म्हणजे विद्युतक्षेत्राची एकच दिशा असलेला प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्या, याच पक्षपातावर चालतात.

मग भोकं बाद? छे! १९९८ मध्ये शास्त्रज्ञ थॉमस एब्बेसन आणि सहकाऱ्यांनी चांदीत १५० नॅनोमीटर व्यासाची भोकं ९०० नॅनोमीटर अंतराने चौरस मांडणीत पाडली. ठराविक तरंगलांब्यांना भोकांवर थेट पडला त्याहून जास्त प्रकाश पलीकडे निघाला! पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या लाटा, म्हणजे प्लाझ्मॉन, आजूबाजूचा प्रकाशही भोकांकडे वळवतात.

ध्रुवक हवा तर फटीच. रंगगाळणी हवी, आणि ध्रुवणाची कटकट नको, तर मी चौरस मांडणीतली भोकंच निवडेन.