पंचेचाळिशीत मोठ्या आतड्याची तपासणी: घरचं किट की कोलोनोस्कोपी?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने पंचेचाळिशी गाठली की वार्षिक तपासणीत डॉक्टर विचारतात: कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून पाहणं) करणार की घरी शौच तपासणीचं किट पाठवू? पूर्वी हा प्रश्न पन्नाशीला यायचा. पण तिथे पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर वाढत गेला, म्हणून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये आणि प्रतिबंधक तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ गटाने २०२१ मध्ये तपासणीचं वय ४५ वर आणलं.

ही निवड फक्त काहीही त्रास नसलेल्यांसाठी आहे. शौचातून रक्त जातंय, उगाच वजन उतरतंय, हिमोग्लोबिन घसरलंय, तर किट विसरा आणि थेट डॉक्टर गाठा. रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असणार’ म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत बसण्याची आपली सवय इथे महागात पडते. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तरीही किट नको. चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. वडिलांना ४६ व्या वर्षी कळलं असेल, तर मुलाने ३६ ला.

आता किट. ‘फिट’ ही चाचणी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं मानवी रक्त शोधते. आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी फरक पडत नाही. ना रजा, ना भूल, ना पथ्य. एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तिने १०० कॅन्सरपैकी सुमारे ७४ पकडले. धोकादायक पॉलिप, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी, मात्र १०० पैकी २४ च. म्हणून ती दरवर्षी करावी लागते. एकदा करून चार वर्षं विसरलात, तर तिचा उपयोग फारसा उरत नाही. आणि पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी करायचीच. ‘पुन्हा एकदा फिट करून बघू’ ही पळवाट आहे.

कोलोनोस्कोपीचं बळ वेगळं: पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढतात, म्हणजे पुढे होऊ शकणारा कॅन्सरच टळतो. सगळं स्वच्छ निघालं तर दहा वर्षं सुटका. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका दहा हजारांत साधारण तिघांना. खरा ताप आदल्या दिवसाचा. काही दिवस आधीपासून तीळ, दाण्याचं कूट, पालेभाज्या, भाकरी बंद. आदल्या दिवशी फक्त गाळीव, पारदर्शक पेयं. नारळपाणी किंवा बिनदुधाचा चहा चालतो, कोकम सरबत नाही, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाचं औषध अर्धं रात्री आणि अर्धं पहाटे घेतलं तर आतडं जास्त साफ होतं. भुलीमुळे घरी नेणारं कुणीतरी सोबत लागतं; एकट्याने राहणाऱ्यांचं घोडं बहुतेकदा इथेच अडतं.

माझा कौल: दरवर्षीची गोष्ट दरवर्षी करणारे तुम्ही असाल तर फिट पुरेशी आहे. विम्याचा हप्तासुद्धा आठवण आल्याशिवाय भरला जात नसेल, तर एक दिवस काढून कोलोनोस्कोपी उरका.

शौचातला डीएनए तपासणारं कोलोगार्ड कॅन्सर फिटपेक्षा जास्त पकडतं, त्याच अभ्यासात १०० पैकी ९२. पण खोटी भीतीही जास्त दाखवतं: १०० निरोग्यांपैकी सुमारे १३ जण पॉझिटिव्ह, फिटमध्ये पाच. २०२४ मध्ये मंजूर झालेली शील्ड ही रक्तचाचणी सगळ्यांत सोयीची, मात्र धोकादायक पॉलिप ती १०० पैकी जेमतेम १३ ओळखते. पंचेचाळिशीत आपल्याला पॉलिपच शोधायचे असतात, म्हणून माझ्या यादीत ती शेवटी.

पुण्या-नागपूरच्या वाचकांनी हा ४५ चा आकडा जसाच्या तसा उचलू नये. भारतात या कॅन्सरचं प्रमाण बरंच कमी आहे आणि सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच कॅन्सर येतात. इथे वयापेक्षा लक्षणं आणि घरातला इतिहास यांना जास्त वजन द्यावं.

खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेत बहुतेक खासगी विम्यांना ४५ नंतरची ही तपासणी खिशातून काही न घेता द्यावी लागते. किट पॉझिटिव्ह आल्यावरची कोलोनोस्कोपीही त्यात येते. लक्षणांसाठी केलेली मात्र निदानाच्या खात्यात जाते आणि बिल येऊ शकतं. सुट्टीत भारतात येऊन करणार असाल, तर काढलेल्या पॉलिपचा बायोप्सी रिपोर्टही मागून घ्या. पुढची फेरी तीन वर्षांनी की दहा, हे बरंचसं त्यावर ठरतं.