सुईच्या तोंडाचं मिनरल ऑइल: मल्टीटूलच्या गंजावर दोन वर्षांचा अनुभव

माझं काम पाण्याच्या पंपांचं. मल्टीटूल (पक्कड, पाती, कात्री एकत्र असलेलं घडीचं हत्यार) दिवसभर पॅन्टच्या उजव्या खिशात, आणि खिसा घामाने ओला. आधीच्या टूलच्या पक्कडीला सांध्यापाशी टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके आले, महिनाभरात ती उघडताना करकरायला लागली आणि एका सकाळी कात्रीची स्प्रिंग तुटून हातातच आली. स्टेनलेस असून असं व्हावं, याचा फार राग आला होता.

म्हणून हे तेल घेतलं. खाद्य दर्जाचं, पाण्यासारखं नितळ, वास अजिबात नाही. बाटलीच्या तोंडाला धातूची बारीक सुई आहे आणि माझ्या मते अर्धी किंमत त्या सुईचीच. दोन पात्यांच्या मधल्या फटीत, वॉशरच्या कडेला, नेमका एक थेंब सोडता येतो. त्याच पात्याने मी फळंही कापतो, त्यामुळे खाद्य दर्जा मला हवाच होता. स्वयंपाकाचं तेल मात्र घालू नका. ते काही आठवड्यांत चिकट होतं, वर धूळ बसते आणि सांधा जाम होतो.

पण नुसतं तेल घालून भागत नाही, हे मला पहिल्या दोन महिन्यांत कळलं. स्टेनलेस टिकतं ते क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि घामातल्या मिठाचा क्लोराइड नेमका तोच थर फोडतो. पात्यांसाठी वापरतात त्या ४२०एचसी पोलादात क्रोमियम सुमारे १३ टक्के, जेवणाच्या चमच्यात बहुतेकदा १८. शिवाय धार टिकावी म्हणून पात्यात कार्बन जास्त, तो थोडं क्रोमियम स्वतःकडे अडकवून ठेवतो. मीठ आत तसंच ठेवून वरून तेल सोडलं तर ठिपके तेलाखालीही वाढतात. माझे वाढले.

आता दर रविवारी सगळी पाती उघडून कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश. मग फडक्याने पुसून, हेअर ड्रायरने सांधे कोरडे करून तेल. पाती दहा वेळा उघडझाप केली की आतून काळपट पाणी बाहेर येतं. ते पुसायचं आणि पुन्हा एक थेंब. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम आहे, नावातला ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’च, पण आठवडाभर टिकायला मला हे तेलच बरं वाटतं. ठिपका घासायला लोखंडी काथ्या वापरू नका, त्याचे कण पोलादात रुततात आणि तेच पुढे गंजतात. रात्री टूल चामड्याच्या म्यानात ठेवणंही मी सोडलं, कारण चामडं ओल धरून ठेवतं.

तक्रारी दोन. टोपण नीट बसत नाही, आडवी ठेवली की बाटली पाझरते. आणि जास्त तेल झालं की खिशातले धागे सांध्यात गोळा होतात, म्हणून एका सांध्याला एकच थेंब.

दोन वर्षं झाली, नव्या टूलच्या स्प्रिंगवर एकही डाग नाही. खाऱ्या पाण्यात रोज हात घालणाऱ्यांनी मात्र तेलाच्या भरवशावर राहू नये. त्यांनी एलसी२००एनसारख्या, बराचसा कार्बन काढून नायट्रोजन घातलेल्या पोलादाचं पातं बघावं.